बाबांच्या बंदुका माझ्या नावावर होईपर्यंत

बाबा फेब्रुवारी २०२३ मध्ये गेले. बँक, पेन्शन, घरपट्टी या कामांत वाट दाखवणारे चिकार भेटले. बंदुकांचं काय करायचं हे सांगणारं मात्र कुणी नव्हतं; जो तो आपापल्या परीने घाबरवून गेला. एक काका म्हणाले, "गुपचूप माळ्यावर टाकून दे, कोण बघतंय!" दुसरे म्हणाले, "आजच्या आज पोलीस थान्यात दे, नाहीतर एफआयआर होईल." ग्वाल्हेरात, विशेषतः लष्कर नावाच्या भागातल्या जुन्या मराठी घरांत, भिंतीवर नि माळ्यावर अशी शस्त्रं अजून पुष्कळ आहेत आणि ती ज्यांच्या नावावर आहेत ती पिढी ऐंशीच्या घरात आली आहे. म्हणून हे जरा सविस्तर लिहिते आहे.

आमच्याकडे दिवाणखान्यात दोन तोड्याच्या, म्हणजे जळत्या वातीने उडवायच्या, बंदुका होत्या, पणजोबांच्याही आधीच्या. बाबांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात एक ठासणीची बंदूक आणि एक दुनळी बारा बोर. देवघराशेजारी दोन तलवारी आणि एक कट्यार. शिवाय बाबांच्या परवान्याची किताब. ती उघडली आणि पोटात गोळा आला. किताबात नोंदी तीन होत्या, कपाटात बंदुका दोन.

तिसरी नोंद पॉइंट टू-टू रायफलची. आईला विचारलं तर म्हणाली, "ती होय, ती यांनी करोनात विकली." कुणाला, केव्हा, कागद कुठे, याची तिला कल्पना नव्हती. भिंतीवरच्या दोन तोड्याच्या बंदुका तर कुठल्याच किताबात नव्हत्या. संस्थानच्या काळात त्या घरात होत्याच. मे १९४८ मध्ये संस्थान मध्यभारतात विलीन झालं, १९५९ चा शस्त्र कायदा ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला, आणि या सगळ्या उलथापालथीत त्या खुंटीवर लटकलेल्याच राहिल्या.

पहिलं काम जमा करण्याचं. कायद्याचं कलम २१ सांगतं की परवानाधारक गेला की त्याची शस्त्रं विनाविलंब थान्यात किंवा परवाना असलेल्या विक्रेत्याकडे जमा करायची; वारसाला परवाना मिळाला की परत घेता येतात. विनापरवाना बंदूक जवळ सापडली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा किमान दोन वर्षं, पाचापर्यंत. हे वाचल्यावर कपाटाची किल्ली कुठे ठेवावी हेही सुचेना.

बंदुका उचलून रिक्षात घालून दुकानात नेणं म्हणजे आणखी एक गुन्हा, हे मला एका वकील मैत्रिणीने वेळेवर सांगितलं. मी आमच्या थान्यात साधा अर्ज दिला: वडील वारले, परवाना क्रमांक अमुक, दोन बंदुका विक्रेत्याकडे जमा करायच्या आहेत, सोबत माणूस द्यावा. टीआय साहेबांनी, म्हणजे थान्याच्या प्रमुखांनी, एक हवालदार दिला आणि मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात दोन्ही बंदुका एका शस्त्रविक्रेत्याकडे गेल्या. ठेवणावळ दोन्हींची मिळून महिना चारशे. थान्यात फुकट ठेवतात, पण मालखान्यातली दमट हवा आणि जुनं लाकूड यांचं जमत नाही, म्हणून मी दुकान निवडलं.

पावतीवर दुकानदाराने लिहिलं होतं, "दो बंदूक जमा." मी ती परत केली. प्रत्येक बंदुकीचा प्रकार, नंबर, बोअर, नळीची लांबी, दस्त्यावरची चीर, घोडे दोन्ही शाबूत, काडतुसं नाहीत, असं सगळं लिहून घेतलं आणि त्यांच्यासमोर फोटो काढले. तो वैतागला, पण त्याने लिहिलं. पुढे ही एक पावती प्रत्येक टेबलावर मागितली गेली.

नंतर वारसाची कागदपत्रं. नगर निगमचा मृत्यूचा दाखला, बाबांची मूळ किताब, सगळ्या वारसांची यादी शपथपत्रावर, आणि माझ्याशिवाय बाकीच्यांचं 'ना हरकत': आई, पुण्याची बहीण, पेनसिल्वेनियातला धाकटा भाऊ. बहिणीचं नोटरी करून आठवड्यात आलं. भावाचं न्यूयॉर्कच्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित होऊन यायला मे उजाडला. ज्यांचं कुणी परदेशी आहे त्यांनी हा कागद सर्वांत आधी सुरू करावा आणि त्यात बंदुकांचे नंबर किताबात आहेत तसेच, अक्षर न अक्षर, उतरवावेत.

जूनमध्ये ए-१ नमुन्यातला अर्ज भरला. ऑनलाइन भरून त्याची छापील प्रत आणि सगळी चळत शस्त्र शाखेत द्यायची. वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं, शरीराचं आणि मनाचंही. बंदूक कुठे, कशी कुलपात ठेवणार याचं हमीपत्र लागतं. बंदूक हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखला लागतो. सत्तावन्नाव्या वर्षी मी वीस-बावीस वर्षांच्या मुलांच्या रांगेत उभी राहून नळी जमिनीकडे कशी धरायची ते शिकले. मजा आली, खोटं कशाला बोलू. पोलीस पडताळणीला आलेल्या गृहस्थांनी घरात पाऊल ठेवताच विचारलं, "भाऊ नाहीत का?" आहेत, म्हटलं, पण अर्ज माझा आहे. पुढे त्यांनी सभ्यपणे शेजाऱ्यांचे जबाब घेतले, चहा घेतला आणि गेले.

ऑगस्टमध्ये फाइल पहिल्यांदा नीट वाचली गेली आणि व्हायचं तेच झालं. टेबलापलीकडचे बाबूजी किताब माझ्याकडे वळवून म्हणाले, "मैडम, इसमें तीन चढ़ी हैं, जमा दो हैं. तीसरी कहाँ है?" आवाजात आरोप नव्हता. पण त्या प्रश्नाचं उत्तर कागदावर दिल्याशिवाय फाइल हलणार नाही हे उघड होतं.

बाबांनी ती का विकली असेल, ते मला तोवर कळलं होतं. डिसेंबर २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवायची मुभा राहिली. जास्तीची वर्षभरात जमा करायची होती. वारसाहक्काने आलेल्या बंदुकांनाही हीच दोनची मर्यादा आहे. म्हणजे बाबांनी नियमानेच केलं होतं. फक्त किताबात ती नोंद कमी करून घेतली गेली नव्हती.

बाबा डायऱ्या लिहीत. त्यांत दुधाचा हिशेब, रद्दीचा भाव, कुणाचा फोन आला, असलं सगळं. २०२० ची डायरी काढून मी आणि आई दोन दुपारी पान न् पान बघत बसलो. करोनाच्या त्या वर्षातली पानं वाचणं सोपं नव्हतं. कोण कोण गेलं त्याच्याच नोंदी जास्त. ऑक्टोबरात एक ओळ सापडली: "रायफलचा अर्ज दिला." आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात: "रायफल दिली. सुटलो." दोन्हींच्या मध्ये दीड-पावणेदोन महिने का, ते नंतर उलगडलं. स्वतःची बंदूक विकण्याआधी जिल्हा दंडाधिकाऱ्याला किंवा थान्याला घेणाऱ्याच्या नाव-पत्त्यासह लेखी कळवावं लागतं आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबावं लागतं. कलम ५. बाबांनी दिवस मोजले होते. डायरीच्या मागच्या खिशात त्या अर्जाची कार्बन कॉपी होती, थान्याच्या गोल शिक्क्यासह, आणि तिच्यावर घेणाऱ्या विक्रेत्याचं नाव.

त्या विक्रेत्याकडे गेले. नुसतं "२०२० मध्ये" म्हटलं असतं तर त्याने हात वर केले असते. तारीख सांगितल्यावर त्याने खरेदीचं रजिस्टर काढलं आणि पाच मिनिटांत ओळ सापडली. शिक्का मारलेली नक्कल मिळाली, ती फाइलला लागली आणि तिसरी बंदूक कागदावरूनही घराबाहेर गेली. तोवर सप्टेंबर संपला होता. ९ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि शस्त्र शाखेत नवे परवाने सोडून जुन्यांच्या बंदुका जमा करून घेण्याचं काम सुरू झालं. माझी फाइल थांबली.

या रिकाम्या वेळात भावाने मला वही धरायला लावली.

भाऊ तिकडे जुन्या बंदुका जमवतो आणि त्याच्याकडे संग्राहकाचा परवाना आहे. तीन वर्षांचे तीस डॉलर, म्हणजे फी किरकोळ. खरं ओझं नोंदींचं. पन्नास वर्षांहून जुनी बंदूक तिकडे 'क्युरिओ' गटात येते. अशी बंदूक घरात आली की पुढच्या कामकाजाच्या दिवसाअखेर बांधीव वहीत चढवायची: केव्हा आली, कुणाकडून, त्याचा पत्ता किंवा परवाना क्रमांक, बनवणारा, मॉडेल, सिरीयल नंबर, प्रकार, कॅलिबर. गेली की सात दिवसांत उजव्या अर्ध्या पानावर केव्हा गेली, कुणाला. सरकारचा माणूस वर्षातून एकदा येऊन वही तपासू शकतो. गंमत अशी की १८९८ किंवा त्याआधी बनलेल्या बंदुका तिकडच्या कायद्याने 'अँटिक', त्या या वहीत चढवायची सक्तीच नाही. आमच्या घरातली एकही बंदूक त्याच्या वहीत बसली नसती. पण तो त्यांच्यासाठीही एक वेगळी वही ठेवतो. म्हणाला, "ताई, आलेलं सगळे लिहितात. गेलेलं कुणी लिहीत नाही. बाबांचं बघितलंस ना?"

आपल्याकडे विक्रेत्याला रजिस्टर ठेवावं लागतं आणि आपली नोंद किताबात असते. घरात वेगळी वही ठेवा असं मला कोणत्याच टेबलावर कुणी सांगितलं नाही. तरी मी ठेवली. शिवलेली, पानांवर छापील क्रमांक असलेली जाड हिशेबाची वही घेतली, एकशे ऐंशी रुपयांना. सुटी पानं नकोत आणि कॉम्प्युटरवरची नुसती एक्सेलही नको. डावीकडे आवक, उजवीकडे जावक. शाई निळी किंवा काळी. चुकलं तर एक रेघ मारायची, मूळ अक्षर वाचता यायला हवं, शेजारी सही आणि तारीख. मध्ये कोरी ओळ सोडायची नाही.

मग एकेक बंदूक 'वाचायला' घेतली. दुकानदाराने काउंटरवर बसून मोजमाप करू दिलं, हे त्याचे उपकार. ठासणीच्या बंदुकीच्या कळीच्या पत्र्यावर काजळी होती. मी पुसायला गेले तर भाऊ व्हिडिओ कॉलवर ओरडला: ब्रासो लावू नको, सँडपेपर तर नाहीच, खुणा जातील. मऊ कापडाला थोडं तेल लावून पुसलं तेव्हा मागच्या पायांवर उभा राहिलेला, पंजात मुकुट धरलेला बारकासा सिंह दिसला आणि खाली १८४७. ईस्ट इंडिया कंपनीचा सिंह! व्हर्नियर मापकाने नळीचं तोंड मोजलं, १९ मिलिमीटर, म्हणजे पाऊण इंच. कंपनीच्या पायदळाच्या बंदुकीचं माप. ती आमच्या घरात कशी आली? १८५७-५८ ची हवा या शहरात इतकी आहे की लगेच गोष्ट रचायचा मोह होतो. 'कुठून आली' या रकान्यात मी तेवढंच लिहिलं जेवढं कागदावर आहे: आजोबांच्या १९६३ च्या परवान्यात पहिली नोंद, त्याआधीचं ज्ञात नाही. काका म्हणतात झाशीची आहे. काका पुष्कळ काही म्हणतात.

दुनळीने जास्त धडा दिला. नळ्यांच्या खाली, दस्ता उतरवल्यावर दिसणाऱ्या जागी, बर्मिंगहॅमच्या तपासणीगृहाचे शिक्के होते आणि शेजारी इंग्रजीत 'नॉट फॉर बॉल', म्हणजे एकसंध गोळीसाठी नाही. हा शिक्का १८७५ ते १८८७ याच काळात मारत, त्यामुळे बंदुकीचं वय आपोआप ठरलं. पण भावाचं लक्ष होतं ते तिथे नसलेल्या शिक्क्याकडे: आधुनिक धूरविरहित दारूसाठी तपासल्याची खूण त्या नळ्यांवर नव्हती. म्हणजे आजचं बाजारातलं काडतूस या बंदुकीत घालणं म्हणजे हात गमावण्याची तयारी. वहीत लाल शाईने तेवढी एकच ओळ आहे.

तोड्याच्या बंदुकांवर ना नंबर, ना सन. अशा वेळी 'नंबर नाही' एवढं लिहून सोडू नये. नळीची लांबी, तोंडाचं माप, चांदीच्या पट्ट्या किती, कुठली तुटलेली, दस्त्यावरचं हाडाचं काम, दोन्ही बाजूंचे फोटो, शेजारी मोजपट्टी धरून. आमच्या या दोन बंदुकांपैकी एकीच्या नळीवर देवनागरीत 'श्री' कोरलेलं निघालं, इतकी वर्षं धुळीखाली होतं. खंडेनवमीला बाबा या बंदुकांना नुसतं गंध-फूल वाहत, पुसत नसत. त्या वर्षी बाकीच्या दुकानात असल्यामुळे पूजेला याच दोघी आणि तलवारी होत्या.

तलवारींचं थोडक्यात: लांब पात्याची शस्त्रंही कायद्याच्या 'शस्त्र' या व्याख्येत येतात, पण त्यांना परवाना केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या क्षेत्रातच लागतो. त्या वहीत चढवल्या नि देवघराशेजारी परत टांगल्या.

तोड्याच्या बंदुकांसाठी आधार दोन. कलम ४५ प्रमाणे जुन्या धाटणीचं, पुराणवस्तूसारखं किंवा मोडलेलं हत्यार, जे दुरुस्त करूनही बंदूक म्हणून चालणार नाही, त्याला कायदा लागू नाही. आणि फेब्रुवारी २०२० पासून 'क्युरिओ' गटातली छोटी शस्त्रं बाळगायला भारतीय नागरिकाला परवाना लागत नाही. वापरायला, घेऊन फिरायला, एका जागेहून दुसरीकडे न्यायला मात्र लागतो. पण हे मी म्हणून उपयोग नाही, जाणकाराने लिहून द्यायला हवं. डिसेंबरात निकाल लागून गेल्यावर मी तपासणीचा अर्ज दिला. जानेवारी २०२४ मध्ये पोलीस लाइनचे आर्मरर, म्हणजे शस्त्रांची देखभाल करणारे जाणकार, घरी आले. त्यांनी आल्या आल्या एक वेताची काडी मागितली, ती नळीत तळापर्यंत सरकवली, अंगठ्याने खूण धरली आणि बाहेरून नळीवर ठेवून रंजकाच्या, म्हणजे पेटवायच्या दारूच्या, भोकापर्यंत पोचते का ते पाहिलं. दुसऱ्या बंदुकीत काडी तीन बोटं अलीकडे थांबली. खोलीत कुणी बोलेना. "भरी हो सकती है, सब पीछे हटिए," असं म्हणून त्यांनी तिची नळी मोकळ्या भिंतीकडे केली. जुनी काळी दारू शंभर वर्षांनीही पेट घेऊ शकते. ती बंदूक ते लाइनमध्ये घेऊन गेले. आत गंजाचा नि चिंध्यांचा बोळा निघाला, दारू नाही. तुमच्या भिंतीवर ठासणीची किंवा तोड्याची असेल तर हा काडीचा प्रयोग स्वतः करू नका, माणूस बोलवा.

दोन्हींचे कान, म्हणजे रंजक ठेवायची जागा, गंजाने खाऊन गेलेले, एकीची नळी तडकलेली. चालण्यालायक नाहीत असा दाखला मिळाला. त्याच्या प्रती एक वहीत, एक थान्यात, एक चौकटीत घालून बंदुकांखालीच भिंतीवर. आईला हे शेवटचं मुळीच आवडलेलं नाही.

भावाने अर्धं थट्टेत विचारलं होतं, 'श्री'वाली मला मिळेल का? नाही. शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुराणवस्तू ठरते आणि १९७२ च्या कायद्याप्रमाणे ती देशाबाहेर पाठवण्याचा अधिकार फक्त केंद्र सरकारला किंवा त्याने नेमलेल्या संस्थेला आहे. अनिवार्य नोंदणीच्या यादीत मूर्ती, चित्रं, सचित्र हस्तलिखितं आहेत, शस्त्रं नाहीत. पण निर्यातीची बंदी शस्त्रांनाही आहे. त्याला फोटो पाठवला.

फेब्रुवारीत फाइल पुन्हा वर गेली, १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली आणि ती परत खाली आली. या वेळी मला राग आला नाही, वही होती. जूननंतर गाडी हलली. चलान भरलं, ऑगस्ट २०२४ मध्ये युनिक ओळख क्रमांकासह परवाना हातात आला, पाच वर्षांचा, दोन बंदुकांच्या नोंदीसह. ठासणीची क्युरिओत घालून परवान्याबाहेर काढता येईल का, असं वाटून गेलं होतं. पण ती चालू स्थितीत आहे आणि कधी हलवायची झाली तर परवाना लागणारच, म्हणून आत ठेवली. परवाना घेतल्यावर तिथेच उभं राहून नंबर ताडून पाहा. माझ्यात दुनळीच्या नंबरचा एक आकडा उलटा पडला होता. दुकानाची पहिली पावती दाखवल्यावर त्याच दिवशी दुरुस्त झाला.

खर्च सगळा मिळून बारा हजारांच्या आसपास, त्यातले जवळजवळ सात हजार ठेवणावळीचे. एजंट पंचवीस मागत होता.

एक गोष्ट आधी कळली असती तर हे दीड वर्ष बरंच आटोपशीर झालं असतं. २०१६ च्या शस्त्र नियमांतला २५ वा नियम: परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा बंदूक बाळगून त्याला पंचवीस वर्षं झाली, यांतलं जे आधी होईल तेव्हापासून, तो हयातीतच आपल्या वारसाचं नाव सुचवू शकतो आणि परवाना त्या वारसाला देता येतो. बाबा दोन्ही अटींत कधीचे बसत होते. ते स्वतः समोर बसलेले असते तर तिसऱ्या रायफलीचं उत्तर एका वाक्यात मिळालं असतं. माझी सत्तरी २०३६ मध्ये. वहीच्या पहिल्या पानावर लेकीचं नाव पेन्सिलीने लिहून ठेवलं आहे. तिला अजून विचारलेलं नाही.